मुलीसाठी परफॉर्मन्स कोच निवडताना त्याला जिमबाहेर कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. बॅडमिंटन खेळते, आठवड्याचे सहा दिवस संध्याकाळी अडीच तास नागपूरच्या मानकापूरला सरावाला जाते. तिच्या बॅडमिंटनच्या सरांनी सांगितलं की आता हिला वेगळा परफॉर्मन्स कोच लावा. घरचे दोघांना भेटून आले. एकाने जिम फिरवून दाखवली: नवी यंत्रं, वजनं, भिंतीवर पदकविजेत्या मुलांचे फोटो. दुसऱ्याने जिम दाखवायच्या आधी तासभर प्रश्नच विचारले. किती वाजता झोपते, ट्यूशन कुठे, डब्यात काय असतं, उपास करते का, पाळी सुरू झाली का. मुलीच्या बाबांना हे खटकलं. आई विचारते आहे की हा माणूस जिमबाहेर कसा आहे, हे आम्ही साध्या लोकांनी ओळखायचं कसं?

ताई, मी वीसेक वर्षं नागपुरात हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांना जे खटकलं, तिथूनच सुरुवात करू, कारण ते प्रश्न म्हणजेच आमच्या कामाचा मोठा भाग आहे.

स्मॅश कसा मारायचा, ड्रॉप कधी टाकायचा हे बॅडमिंटनचे सर शिकवतात. तो स्मॅश तिसऱ्या गेमलाही तेवढ्याच जोरात बसावा, उडी मारून खाली येताना गुडघा सलामत राहावा आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा ताजी उभी राहावी, एवढं शरीर घडवणं हे आमचं काम. आठवड्याचे तास १६८. त्यातले फार तर तीन तास मुलगी आमच्यासमोर असते. शरीराची बांधणी होते ती उरलेल्या वेळात, झोपेत आणि जेवणात. ज्याला त्या वेळाबद्दल काहीच माहीत नाही, तो कोच अंदाजपंचे वजन वाढवत राहतो. म्हणून दुसऱ्या कोचने काय विचारलं याइतकंच, त्या उत्तरांचं पुढे त्याने काय केलं हे बघा.

तुमच्याच मुलीचा हिशोब घ्या. रोज अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५ तास झाले. वाढत्या वयातल्या खेळाडूंसाठी एक ढोबळ मर्यादा जगभर सांगितली जाते: आठवड्याला शिस्तीच्या सरावाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि निदान एक दिवस पूर्ण सुट्टीचा हवा. तुमची मुलगी आत्ताच त्या रेषेच्या थोडी पुढे आहे. त्यावर जिमचे आणखी तीन तास चढवले तर १८ होतात. चांगला कोच इथेच थांबतो आणि विचारतो, "आधी कमी काय करायचं?" तो बॅडमिंटनच्या सरांना फोन करतो, दोन दिवस कोर्टवरचा सराव अर्ध्या तासाने आटोपता घ्यायला सांगतो, किंवा तुम्हाला म्हणतो की सध्या आठवड्यातून दोनदाच या. स्वतःची फी कमी होत असताना हे बोलणारा माणूस दिसला की माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

बॅडमिंटनचे सर आणि परफॉर्मन्स कोच एकमेकांशी बोलतात का, हे मी सगळ्यात आधी पाहीन. आपल्याकडे मुलांचे हाल इथेच होतात. संध्याकाळी कोर्टवर सर शंभर लंज (एक पाय लांब पुढे टाकून गुडघ्यात वाकणं) काढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जिममध्ये पुन्हा पायांचाच दिवस असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त गुडघे एकाच पोरीचे असतात. साधी वही पुरते यासाठी. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलीला विचारायचं की आज ० ते १० मध्ये किती जड गेलं. ती ७ म्हणाली आणि सराव ९० मिनिटांचा होता, तर त्या दिवसाचा भार ६३०. शाळेतल्या खेळाच्या तासासकट असं रोज लिहिलं की आठवड्याची बेरीज निघते, आणि ती बेरीज एकदम उसळली की कोचने हात आखडता घ्यायचा. महागडं घड्याळ लागत नाही. दुसऱ्या कोचकडे अशी वही आहे का, आणि त्यात फक्त जिमचे दिवस आहेत की कोर्टचेही, ते बघायला मागा.

आता झोप. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी. तुम्ही लिहिलंय की घर मनीषनगरला आहे. मनीषनगर ते मानकापूर म्हणजे शहराच्या दक्षिण अंगाहून उत्तर अंगाला जाणं, मध्ये ट्यूशन. सराव संपवून, जेवून, गृहपाठ करून मुलगी साडेअकराला झोपत असेल तर पहाटे साडेपाचच्या बॅचला तिला बोलावणं हे तिच्या प्रगतीच्या मुळावर येणारं आहे. बॅच ठरवण्याआधी दुसऱ्या कोचने "ती रात्री किती वाजता झोपते?" हे विचारलं होतं का? तुमच्या लिहिण्यावरून विचारलं होतं. मला ते आवडलं.

जिमबाहेर कोचला बघायची उत्तम जागा म्हणजे कोर्ट. मानकापूरच्याच इनडोअर हॉलमध्ये २०१७ साली वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. अंतिम सामन्यात साईनाने सिंधूला हरवलं. मग २०२२ मध्ये आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने इंडिया ओपनमध्ये साईनाला हरवलं, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलींची स्वप्नं खूपच वाढली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण स्वप्नाच्या घाईत आईबाप शटलकडे बघतात. तुमच्या मुलीचा एखादा जिल्हा पातळीचा सामना असेल तेव्हा या कोचला बोलवा आणि त्याची नजर कुठे आहे ते बघा. ती पायांवर हवी. तुमची मुलगी उजव्या हाताने खेळत असेल तर बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात डोक्यावरून फटका मारल्यावर ती बहुतेकदा एकट्या डाव्या पायावर उतरते. त्या क्षणी गुडघा पंजाच्या रेषेत राहतो की आत कोसळतो, हे बघायचं असतं. बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा एसीएल लिगामेंट (सांध्याला आतून धरून ठेवणारा पट्टा) तुटतो तो पुष्कळदा याच उतरण्यात, आणि वयात आल्यावर मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

हे पाहिलेला कोच सोमवारी जिममध्ये काय करेल? मुलीला फूटभर उंचीच्या खोक्यावर उभं करेल. खाली उडी मार आणि उतरल्यावर तीन मोजेपर्यंत हलू नकोस, असं सांगेल. आधी दोन पायांवर, काही आठवड्यांनी एका पायावर. आवाज ऐकेल, कारण धप्प आवाज आला की कंबर आणि मांडी झटका झेलत नाहीयेत. फोनवर चित्रण करून मुलीला स्वतःचा गुडघा दाखवेल. मग त्याच हालचालीत हातात रॅकेट देईल. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच भारी दिसत नाही. वजनं नाहीत, घाम नाही, इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं तर अजिबात काही नाही. पण गुडघा वाचतो तो यानेच.

नागपूरचा उन्हाळा हा तर कोचची पारख करायचा खास मोसम. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि शटल वाऱ्याने भरकटतं म्हणून हॉलमध्ये पंखे बंद, कूलरही बंद. आत नुसती भट्टी. अशा वेळी "पाणी पीत राहा" एवढंच सांगणारा आणि तराजू आणणारा यांत फरक आहे. सरावाआधी आणि नंतर वजन करायचं. १ किलो घटलं म्हणजे ढोबळमानाने १ लिटर पाणी गेलं. शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून जास्त घट झाली की खेळ ढेपाळायला लागतो. ४५ किलोच्या मुलीसाठी ही रेषा ९०० ग्रॅमची. काही मुली तासाभरातच तिथे पोचतात, काही दोन तास खेळूनही पोचत नाहीत, म्हणून सगळ्यांना एकच बाटली हा नियम चुकीचा. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, तेव्हा परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये परतलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून पूर्ण सराव द्यायचा नसतो. मुलगी अडखळत बोलायला लागली, गोंधळली, चालताना झोकांड्या गेल्या तर ताबडतोब गार पाणी ओतून, बर्फ लावून अंग थंड करायचं आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवायची, हे कोचला झोपेतही आठवायला हवं. त्याला विचारा, "सर, हॉलमध्ये एखादी पोर उन्हाने पडली तर पहिल्या पाच मिनिटांत काय कराल?" उत्तर लगेच यायला हवं.

डब्याबद्दलचे प्रश्नही याच कारणासाठी. मला तर घरात महालक्ष्म्या बसतात का, श्रावण सोमवार आणि नवरात्रात मुलगी काय खाते, हेसुद्धा विचारावं लागतं. सोडा उपास, असं म्हणून चालत नाही. घरातली श्रद्धा घरातली आहे. पण त्या नऊ दिवसांत जड सराव ठेवायचा की हलका, साबुदाण्यासोबत दही, शेंगदाणे, दूध किती घ्यायचं, हे ठरवता येतं. सरावाला निघण्याआधी प्लेटभर पोहे आणि परतल्यावर थेट साडेनऊला जेवण, हे तर मला घरोघरी दिसतं. मधला मोठा वेळ पोट रिकामं. कोर्टवरून निघाल्याबरोबर गाडीतच उकडलेली अंडी, चणे, दह्याची डबी, केळी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू यांतलं काही पोटात गेलं तर दुसऱ्या दिवशीचा फरक मुलगी स्वतःच सांगते. जो कोच असं घरातलं खाणं सुचवतो तो कामाचा. पहिल्या महिन्यातच प्रोटीन पावडरीचा डबा दाखवून "हे माझ्याकडेच मिळेल" म्हणतो, त्याच्यापासून सावध. पावडर विकून त्याला कमिशन मिळत असेल तर तुमच्या मुलीला तिची गरज आहे का, याचं खरं उत्तर त्याच्याकडून कसं मिळणार? शिवाय पुढे ती मोठ्या स्पर्धांना गेली आणि नाडाने, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेने, नमुना घेतला, तर शरीरात सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. कोचने दिलं होतं, हे सांगून सुटका होत नाही. भेसळीच्या पावडरीने कारकीर्द संपू शकते.

आणि आता पाळीचा प्रश्न. हा विचारलाच पाहिजे. कोणाला आणि कसा विचारला, यावर सगळं अवलंबून आहे. मुलगी खर्च करते तेवढं खात नसेल तर शरीर आधी अनावश्यक वाटणारी कामं बंद करतं, आणि पाळी त्यात पहिली. पाठोपाठ हाडं कमजोर होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर पडते, सतत सर्दी-ताप येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्या स्थितीला एकत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं होतं. १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत पाळी आली नाही, किंवा सुरू असलेली तीन महिने थांबली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे ऐकून घ्यायचं नाही. पुरुष कोच असेल तर त्याने हे आईला विचारावं, किंवा लेखी फॉर्मवर विचारावं, किंवा सोबतच्या महिला सहकाऱ्याने विचारावं, आणि का विचारतोय ते आधी सांगावं. तुमच्यासमोर, कारण सांगून विचारलं असेल तर तो माणूस आपलं काम जाणतो. मुलीला बाजूला घेऊन विचारलं असेल तर मी दुसऱ्यांदा त्या दारात जाणार नाही.

सुरक्षिततेचं सरळ सांगते, यात भीड नको. एकट्या मुलीला बंद खोलीत प्रशिक्षण नाही. मुलीला पाठवायचा प्रत्येक संदेश आई किंवा बाबा असलेल्या गटात. हालचाल सुधारायला हात लावायचा असेल तर आधी विचारून, आणि मुलगी नको म्हणाली तर विषय संपला. तिचे व्हिडिओ तुमच्या परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत एक महिला पालक किंवा व्यवस्थापक असणारच. २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलंय, कोचवरही. हे नियम तुम्ही मांडल्यावर तो कोच स्वतःहून त्यात भर घालतो की कपाळाला आठ्या घालतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

प्रमाणपत्रांवर मी फार वेळ घालवत नाही, पण बघावीत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेची (एलएनआयपीई) पदवी, बी.पी.एड. किंवा एम.पी.एड., किंवा अमेरिकेच्या एनएससीए या ताकद-प्रशिक्षकांच्या संघटनेचं सीएससीएस प्रमाणपत्र. शेवटच्यासाठी पदवी आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण लागतं, आणि ते टिकवायला शिकत राहावं लागतं. प्रथमोपचार आणि सीपीआर मात्र कोणत्याही कोचला यायलाच हवं. विदर्भाने २०१७-१८ ला पहिल्यांदा रणजी जिंकली त्यानंतर शहरात 'परफॉर्मन्स'च्या पाट्या बऱ्याच वाढल्या. त्यांतले काही फार छान काम करतात, काही फक्त पाटी बदलून बसलेत.

भिंतीवरच्या फोटोंचं काय, असंही तुम्ही विचारलंय. फोटो जिंकणाऱ्यांचे असतात. तुम्ही त्याला सांगा की तुमच्याकडची जी मुलगी दुखापतीने चार-सहा महिने बाहेर बसली, तिच्या आईशी आमचं बोलणं करून द्या. त्या आईला विचारा की पोर कोर्टवर नव्हती तेव्हा कोच फोन करत होता का. लगेच डॉक्टरकडे पाठवलं की "थोडं दुखतं, चालू दे" म्हणाला? परत कधी खेळायचं हे कॅलेंडर बघून ठरलं, की दुखरा पाय चांगल्या पायाइतका उडी मारू शकतो का हे मोजून? आमच्या धंद्यात माणूस कळतो तो या महिन्यांत. पदकं मिळवणारी मुलगी कधी कधी कोणाच्याही हाताखाली मिळवते.

कोचची ओळख करून घ्यायला त्याच्यासोबत चहाही घ्या. दुपारची वेळ घ्या. आमची पहिली बॅच पहाटे पाचला सुरू होते आणि शेवटची रात्री नऊला सुटते, मोकळं बोलायला दुपारच मिळते. त्याचे गुरू कोण, तो कोणता खेळ खेळायचा, हे विचारा. आणि एक प्रश्न नक्की: "गेल्या काही वर्षांत तुम्ही कोणती गोष्ट करायची सोडली?" शिकत राहणाऱ्या माणसाकडे उत्तर असतं. उदाहरणार्थ, खेळाआधी एकेक स्नायू मिनिटभर ताणून धरण्याने उडीची ताकद तात्पुरती घटते, म्हणून आता आम्ही हलत्या व्यायामांनी अंग गरम करतो. लहान वयात वजन उचललं की उंची खुंटते असंही पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. त्याला आधार नाही, योग्य देखरेखीखाली ते सुरक्षित आहे. जो म्हणतो की मी सुरुवातीपासून हेच करतोय आणि हेच बरोबर, त्याच्याकडे शिकणं थांबलंय.

कोचच्या बाजूनेही दोन शब्द ऐका. त्यालाही घर आहे, लेकरं आहेत, म्हातारे आईवडील आहेत. रात्री अकराला "उद्या सामना आहे, काय खायला देऊ" असा फोन रोज आला तर चांगला माणूसही कोरडा होतो. तातडीचं काय आणि सकाळी चालेल असं काय, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. त्याला आठवड्याची सुट्टी असावी आणि तुम्ही ती पाळावी. माझ्या माहितीतले कितीतरी तळमळीचे तरुण कोच थकून हे काम सोडून गेले, आणि त्यांनी वर्षानुवर्षं ओळखलेली मुलं मागे राहिली. तुमच्या मुलीला चार वर्षं एकच माणूस मिळावा असं वाटत असेल तर त्याला जपणं तुमच्याही हातात आहे.

पहिल्या कोचला अजून बाद करू नका. मोठी जिम असणं हा दोष नाही. त्याला कदाचित वाटलं असेल की पालकांना आधी यंत्रंच बघायची असतात, आणि बऱ्याच पालकांना तेच हवं असतं. परत जा, हेच प्रश्न विचारा, सरांना फोन कराल का विचारा. दुसऱ्याची प्रमाणपत्रं आणि सीपीआरची तारीख बघा, प्रश्न चांगले विचारले म्हणून ते सोडू नका. बाबांनी पुढच्या भेटीला सोबत यावं आणि पाळीबद्दल का विचारलं हे त्याला स्वतः विचारावं. मुलीला घरी वेगळं विचारा की दोघांपैकी कोणाला "आज दुखतंय" असं सांगायला तिला जड जाणार नाही. मग सहा आठवड्यांसाठी, आठवड्यातून दोन दिवस, सुरुवात करा. वर्षाची फी एकदम भरू नका. सहा आठवड्यांनी सर, कोच, तुम्ही आणि मुलगी असे चौघं वही उघडून बसा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत सराव किती कमी करायचा हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.